सुरुवातीच्या अमेरिकी तांब्याच्या नाण्यांचे ठसे नेमके कसे घडवत?

ताम्रपट
नमस्कार मंडळी. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने १७९३ पासून काढलेल्या तांब्याच्या सेंट आणि अर्ध्या सेंटबद्दल सध्या झपाटल्यासारखं वाचतो आहे. एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. एकट्या १७९४ सालच्या सेंटचे, ठशांतल्या (नाण्यावर नक्षी उठवणाऱ्या पोलादी साच्यांतल्या) फरकांवरून, पन्नासहून अधिक प्रकार ओळखले जातात. कुठे लिबर्टीची, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेची, हनुवटी दुहेरी, कुठे केसांच्या बटा वेगळ्या, कुठे मागच्या पानांच्या माळेतली फळं कमी-जास्त, कुठे मागे लिहिलेल्या १/१०० (डॉलरचा शंभरावा भाग) मधली रेघ तिरकी.

त्या वर्षी ९,१८,५२१ सेंट निघाले. टाकसाळ सरकारी, कायदा एक, नक्षी एक. मग ठसे इतके वेगळे का? कोरणारा दरवेळी कोऱ्या पोलादापासून सुरुवात करायचा, की काही भाग आधीच तयार असायचा? मला ही नाणी कारखान्याच्या मालापेक्षा हातकामच जास्त वाटतात. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

लिंबलोण
वाचतेय. टाकसाळ म्हटलं की यंत्रातून धडाधड नाणी पडताहेत हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. ठसा कुणीतरी बसून करत असेल हा विचार कधी मनात आलाच नव्हता.

फिलीकर
ताम्रपट, दोन्ही. थोडं तयार, बाकीचं हाताने. क्रमाने सांगतो, जरा लांबेल.

पहिलं काम लोहाराचं. पोलादाचा गोळा भट्टीत घडवायचा, मग तापवून अगदी सावकाश निववायचा म्हणजे तो मऊ होतो. १७९० च्या दशकात हे घडवण्याचं आणि लेथवर फिरवण्याचं काम ॲडम एकफेल्ट करायचा. पुढे १८१४ मध्ये तो या टाकसाळीचा मुख्य नाणेकार झाला. लेथवर ठशाचं तोंड साफ करायचं, पण अगदी सपाट नाही, मध्यभागी किंचित फुगीर ठेवायचं.

मग आखणी. कंपासने वर्तुळं काढायची: अक्षरांचे पाय कुठे टेकणार, माथा कुठपर्यंत जाणार. कंपासचं टोक जिथे रोवलं तिथे ठशात बारीक खळगा पडतो आणि नाण्यावर त्याचा टिंब उठतो. बऱ्याच सेंटच्या मागच्या बाजूला, मधोमध, 'वन सेंट' या शब्दांच्या आसपास हा टिंब आजही दिसतो. काही नाण्यांवर अक्षरांच्या पायाशी आखणीच्या फिकट कमानीसुद्धा राहून गेल्या आहेत. मला त्या बघताना फार आनंद होतो, कारण तिथे थेट त्या माणसाचा हात दिसतो.

त्यानंतर चेहरा. लिबर्टीच्या डोक्याचा उठावदार पंच, म्हणजे टोकावर आकार असलेली पोलादी कांडी, वेगळा बनवलेला असे. तो स्क्रू प्रेसखाली मऊ ठशात दाबला की चेहरा, मान आणि केसांचा मुख्य आकार एकदम उतरे. दाबाने आजूबाजूचं पोलाद वर उचललं जातं, म्हणून तोंड परत घासून सारखं करावं लागे.

इथून पुढे सगळं एकेक. 'लिबर्टी' ची अक्षरं एकेका पंचाने, सालातला प्रत्येक आकडा वेगळ्या पंचाने. मागच्या बाजूला 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका', पानं, फळं. देठ, फितीची टोकं आणि अपूर्णांकाची रेघ ग्रेव्हरने (कोरायच्या बारीक हत्याराने) कोरायची. शेवटी कडेचे दाते. आणि हे सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. त्यामुळे अक्षरांची अंतरं, आकड्यांची उंची, फळांची संख्या या गोष्टी प्रत्येक ठशावर वेगळ्या पडल्या.

रेघोटी
फिलीकर, एक शंका आहे, शंका कसली, असहमतीच म्हणा. मी छापील चित्रकलेत, तांब्याच्या पत्र्यावर काम करते. १७९३ च्या नोव्हेंबरात टाकसाळीचा कोरक्या म्हणून नेमलेला रॉबर्ट स्कॉट हा मुळात पत्र्यावर कोरणारा माणूस, विश्वकोशासाठी त्याने चित्रं कोरली होती. असा माणूस केस हातानेच कोरणार. १७९४ च्या सेंटवर केसांच्या टोकांची जी विविधता आहे ती एका पंचातून कशी येईल? माझ्या मते चेहरेसुद्धा हातानेच केलेले असावेत.

फिलीकर
केसांबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्या वर्षीच्या पंचात केसांचा ढोबळ आकारच होता, बटांची टोकं प्रत्येक ठशावर ग्रेव्हरने ओढलेली आहेत. पण चेहरा हाताने कोरलेला नाही. वेगवेगळ्या ठशांतल्या नाण्यांचे मोठे फोटो एकावर एक ठेवले की नाक, ओठ, हनुवटी आणि कपाळाची रेघ केसभरही हलत नाही. हाताने दोनदा तंतोतंत तसं येणं अशक्य. आणि वर्षाच्या मध्यात एका टप्प्यावर हे सगळं एकदम बदलतं, म्हणजे पंच बदलला. सुरुवातीचे काही ठसे तर १७९३ च्या डोक्याचेच आहेत, संग्राहक त्यांना 'हेड ऑफ ९३' म्हणतात.

रेघोटी
फोटो एकावर एक ठेवून पाहिले. नाक-ओठ खरंच जुळतात. तरी एक मुद्दा सोडणार नाही. पत्र्यावर कोरणं म्हणजे रेघ. जाड-बारीक रेघांतून छाया उभी करायची, शाई त्या रेघेत बसते आणि कागदावर उतरते. ठशात खोली लागते. गाल म्हणजे एक गुळगुळीत खळगा, त्याला रेघच नाही. ही दोन वेगळी शिक्षणं आहेत. स्कॉटच्या सुरुवातीच्या कामात केस सुंदर आणि चेहरा जरा सपाट का दिसतो, याचं उत्तर मला इथेच मिळतं.

टूलरूमवाला
धागा बघून राहवलं नाही. उभं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं, तेव्हा डायबद्दल, म्हणजे ठशाबद्दलच, चार शब्द लिहितो.

वर लिहिलेलं सगळं मऊ पोलादावर झालं. खरी परीक्षा त्यानंतर. तयार ठसा कोळशाच्या भुकटीत किंवा हाडांच्या कोळशात बंद करून लालबुंद तापवायचा. उघड्यावर तापवला तर पृष्ठभागातला कार्बन जळून जातो आणि नेमकं तोंडच नरम पडतं. मग पाणी द्यायचं. पाण्यात गेल्यावर बाहेरचा थर क्षणात आकसतो, आतला अजून तापलेला असतो, त्या ओढाताणीत तडा जातो. आम्ही आजही डायमध्ये आतला कोपरा तीक्ष्ण ठेवत नाही, कारण तडा तिथूनच सुरू होतो. आणि या नाण्यांच्या ठशात तर कडेला ओळीने तीक्ष्ण कोपरेच आहेत, प्रत्येक अक्षराचे पाय आणि माथे! म्हणून तडे एका अक्षराच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकाकडे जाताना दिसतात.

पाणी दिल्यावर ठसा काचेसारखा ठिसूळ होतो. परत थोडा तापवायचा, रंग गवती पिवळा येईपर्यंत, म्हणजे ठिसूळपणा उतरतो. आज आमच्याकडे भट्टीला तापमानाचा काटा आहे, पोलादाच्या प्रत्येक गोळ्याचं प्रमाणपत्र येतं. त्यांच्याकडे फक्त डोळा होता. आणि पोलाद इंग्लंडहून येणार, त्यात कार्बन किती हे सांगणारं कुणी नाही. अशा परिस्थितीत एका ठशातून हजारो नाणी काढली याबद्दल मला त्या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

उलट झालं तर? गाभा नरम राहिला तर दाबाखाली तोंड मध्यभागी बसतं आणि नाण्यावर फुगवटा येतो. असे फुगलेले सेंट आहेत का हो, फिलीकर?

फिलीकर
आहेत, भरपूर. ठसा खचत गेला की नाण्याचा मधला भाग किंवा एखादी बाजू टप्प्याटप्प्याने फुगत जाते. तुम्ही नाणं न बघता निदान केलंत!

खडूफळा
थोडी इतिहासाची बाजू. टाकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ चा, पहिला संचालक खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस. १७९३ मध्ये सोन्याचांदीची नाणी निघाली नाहीत, कारण मुख्य नाणेकार आणि पारख करणारा या दोघांनी प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यावा अशी अट होती आणि तो त्यांना जमला नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळा भार तांब्यावर.

पहिली खेप १ मार्च १७९३ ची, ११,१७८ सेंट. मागच्या बाजूला १५ संस्थानांची एकीची साखळी, कल्पना मुख्य नाणेकार हेन्री व्हॉइटची. लोकांना ती आवडली नाही. स्वातंत्र्यदेवतेच्या नाण्यावर साखळदंड कसले, अशी टीका झाली. पण ठशाच्या दृष्टीने बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या ठशावर देशाचं नाव 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरि.' असं तोडलेलं आहे. नव्या राष्ट्राच्या पहिल्यावहिल्या सेंटवर राष्ट्राचंच नाव अर्धवट! पुढच्या ठशावर 'अमेरिका' पूर्ण आलं.

मग पानांच्या माळेचा सेंट, आणि मग जोसेफ राइटने केलेला टोपीवाला, 'लिबर्टी कॅप'. माझ्या मते त्या सगळ्या वर्षांतला हा सगळ्यात देखणा चेहरा. राइट मुळात चित्रकार आणि शिल्पकार. सप्टेंबर १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ होती, त्यात तो गेला, त्याची बायकोही गेली. रेघोटीताई म्हणतात तो चेहऱ्याचा सपाटपणा राइटच्या कामात नाही. त्याला खोली कळत होती.

पावसाळीढग
'अमेरि.' वाचून लग्नपत्रिका आठवली. आमच्याकडे 'आपले नम्र' मोठ्या अक्षरात छापलं आणि काकांचं आडनाव कडेला गेलं, पुढची तीन वर्षं ऐकून घेतोय :)

मुद्देसूद
हसू आलं, पण गंमत बाजूला ठेवून विचारतो. या टाकसाळीत तपासणी नावाचा प्रकार नव्हता का? १८०१ चा एक सेंट आहे, त्याच्या मागच्या एकाच ठशावर तीन चुका. 'युनायटेड' च्या जागी दोन सुटे दांडे उभे असल्यासारखं 'आयआयनायटेड' दिसतं, माळेचा डावा देठच नाही, आणि अपूर्णांक १/१०० ऐवजी १/०००. शून्याने भागायला लावलं लोकांना! १७९६ च्या एका सेंटवर 'लिबर्टी' चं 'लिहर्टी' झालंय. १७९७ च्या अर्ध्या सेंटवर सालातला एक, दुसऱ्या एकाच्या डोक्यावर चढून बसलाय. हा सरळ निष्काळजीपणा आहे. सरकारी काम!

टूलरूमवाला
मुद्देसूद, मी सहमत नाही. तुम्ही चुका मोजताय, मी त्या कशा झाल्या ते बघतोय.

पंच हातात धरला की त्याचं अक्षर खाली तोंड करून असतं. पंचाच्या टोकावर अक्षर सुलटं, ठशात पडल्यावर उलटं, नाण्यावर परत सुलटं. त्यात ठसा गोल, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी ठसा थोडा फिरवायचा. यू हे अक्षर वर-खाली फिरलं तरी टोकावरून पटकन कळत नाही. तो आधी डोकं खाली पडला, मग त्याच्यावर सुलटा मारला, म्हणून दोन दांडे दिसतात. 'लिहर्टी' मध्ये बी असाच उलटा पडला, मग दुरुस्त केला, दोन्ही मिळून एचसारखं दिसतं. निष्काळजी माणूस दुरुस्ती करत नाही. त्याने चूक बघितली आणि सुधारली. पोलादावर खोडरबर चालत नाही, एवढंच.

मुद्देसूद
बी आणि यू चं मान्य. १/००० चं काय? ते तर १८०२ च्या सेंटवरही आहे.

फिलीकर
१/००० मध्येसुद्धा दुरुस्ती आहे. आधी शून्य मारून नंतर त्यावर एक मारलेला, म्हणजे १/००० वर १/१००, असा ठसाही १८०१ मध्ये आहे. तिथे चूक वेळेत सापडली. ज्यांवर सापडली नाही ते ठसे तोपर्यंत पाणी देऊन कडक झाले असतील तर काहीच करता येत नव्हतं. एक ठसा तयार व्हायला जेवढं पोलाद आणि मेहनत लागते त्यापुढे एका शून्याची किंमत त्यांना कमी वाटली. तो ठसा फेकायचा म्हणजे प्रेस रिकामी ठेवायची.

याच कारणाने जुन्या सालाचे न वापरलेले ठसेही टाकून देत नसत. आधीच्या सालावर नवा आकडा मारायचे. १७९९ वर खाली ८ दिसतो, १८०७ वर खाली ६, १८१० वर खाली ०९. सगळ्यात बोलका नमुना १८०० चा: काही ठशांवर आधी '१७९' एवढंच मारून ठेवलेलं होतं, शेवटचा आकडा वेळ येईल तसा मारू म्हणून. शतक बदललं, आणि मग ७ वर ८, ९ वर शून्य अशी कसरत करावी लागली.

लिंबलोण
'१७९' मारून ठेवलं आणि शतकच संपलं! हे फार आवडलं.

मुद्देसूद
पोलादाचा खर्च हा मुद्दा पटला. पण मग १८१७ चा १५ ताऱ्यांचा सेंट? ठरलेले १३. तारे मोजायला पोलाद लागत नाही.

टूलरूमवाला
१५ ताऱ्यांचं समर्थन मी करणार नाही :)

फिलीकर
१८२८ च्या अर्ध्या सेंटच्या एका ठशावर १२ च तारे आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हिशेब झाला. तारे एकेक करून, हाताने, कडेकडेने मारत जायचे. अंतर आधी नीट आखलं नाही तर शेवटी जागा उरते किंवा कमी पडते.

आणि ताऱ्यांचाच विषय निघालाय म्हणून: १७९४ च्या एका मागच्या ठशावर कडेच्या दात्यांच्या मध्ये ९४ चिमुकले पंचकोनी तारे आहेत. भिंग नसेल तर दिसतही नाहीत. ते का मारले हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. संग्राहक या नाण्यासाठी जीव टाकतात.

खडूफळा
फिलाडेल्फियाच्या आधीचीही थोडी कहाणी हवी. १७८५ ते १७८८ मध्ये संस्थानं स्वतः तांबं पाडत होती आणि तिथले ठसे अजून कच्चे. कनेटिकटच्या १७८७ च्या नाण्यांवर लॅटिन शब्दांची जी वाताहत आहे ती पाहण्यासारखी आहे, एकेक अक्षर भलत्याच पंचाने मारलेलं. कनेटिकटचा एबल ब्यूएल हा माणूस तर कादंबरीत शोभावा. तरुणपणी नोटांवरचे आकडे वाढवल्याबद्दल त्याच्या कपाळावर डाग दिला गेला आणि कान कापला गेला. नंतर त्याच ब्यूएलने १७८४ मध्ये नव्या राष्ट्राचा नकाशा कोरून छापला, आणि पुढे ठसेही केले. १७८७ च्या, काँग्रेसने मंजूर केलेल्या फ्यूजिओ सेंटच्या ठशांशीही त्याचं नाव जोडलेलं आहे.

मॅसॅच्युसेट्सने आधी जोसेफ कॅलेंडरला काम दिलं. तो ठशामागे पैसे घ्यायचा. मग न्यूबरीपोर्टचा जेकब पर्किन्स पुढे आला आणि म्हणाला, पाडलेल्या नाण्यांच्या एक टक्का द्या. काम त्याला गेलं. दोघांच्या नाण्यांत फरक ओळखायची सोपी खूण आहे: कॅलेंडरचा एस मोकळा, पर्किन्सचा एस इतका मिटलेला की आठसारखा दिसतो. पंच ज्याचा त्याचा, त्यामुळे सही केल्यासारखंच.

शिवराईप्रेमी
खडूफळा सर, पंच म्हणजे सही, यावरून आमच्या शिवराईबद्दल लिहितो, अवांतर वाटलं तर सांगा.

शिवराईवर पुढे 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति'. अक्षरांच्या तऱ्हा मोजायला बसलात तर दिवस पुरत नाही. शिव, सिव, शीव, ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका. तिथे ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे एका नाण्यावर पूर्ण मजकूर मिळणं दुर्मिळ. पेशवाईतली दुदांडी शिवराई आणि १७९४ चा सेंट साधारण एकाच काळातले आहेत. एकीकडे पंच आणि स्क्रू प्रेस, दुसरीकडे छिन्नी आणि हातोडा. पण त्या सेंटचे पन्नास प्रकार नोंदवून, क्रमांक देऊन, यादी जगभर वापरली जाते. आमच्या शिवराई नाण्यांच्या ठशांवर त्या तोडीचं काम अजून व्हायचं आहे, आणि हे मी तळमळीने लिहितोय. लोक अजूनही शिवराया किलोवर विकतात.

खडूफळा
अवांतर अजिबात नाही. आणि या दोन टोकांना जोडणारा एक खराखुरा दुवाही आहे: बर्मिंगहॅमजवळची मॅथ्यू बोल्टनची सोहो टाकसाळ. मुंबई इलाख्यासाठी १७९१ मध्ये आणि पुन्हा १७९४ मध्ये तांब्याची नाणी सोहोतच पाडली गेली, एका बाजूला कंपनीची खूण आणि दुसऱ्या बाजूला तराजू. वाफेच्या प्रेसवर काढलेली, सगळी एकसारखी. त्याच बोल्टनकडून फिलाडेल्फियाने १७९७ पासून सेंटसाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्या मागवल्या. पुढे १८२० च्या दशकात मुंबईची टाकसाळ उभी राहिली तिची यंत्रंही सोहोहून आली. १७९१ चा मुंबईचा पैसा आणि १७९४ चा सेंट शेजारी ठेवून बघा.

शिवराईप्रेमी
मुंबईचा १७९१ चा माझ्याकडे आहे. खरंच, सोहोच्या कामात कुठेच माणूस सापडत नाही. सुबक आहे, पण मी परत परत शिवराईच हातात घेतो.

पावसाळीढग
इतका वेळ सगळे प्रकार-प्रकार म्हणताय, पण कोणता ठसा आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळतं कसं? ठशांवर तारीख थोडीच असते.

फिलीकर
उत्तम प्रश्न. दोन गोष्टींवरून. एक, पंच झिजतात, तुटतात. एखाद्या अक्षराचा पाय तुटला की त्यानंतरच्या सगळ्या ठशांवर तो तुटकाच दिसतो. दोन, ठसे जोडीने वापरले जातात आणि जोड्या बदलत राहतात. वरचा ठसा फुटला की खालच्याला नवा जोडीदार मिळतो. पहिल्या जोडीत खालचा धड होता आणि दुसऱ्या जोडीत त्याला तडा आहे, म्हणजे पहिली जोडी आधीची. अशी साखळी लावत लावत सगळं वर्ष उलगडतं.

१८०४ चा सेंट घ्या. त्या सालाची एकच जोडी. आधी दोन्ही ठसे धड. मग पुढच्या ठशाची कड 'लिबर्टी' मधल्या 'आरटीवाय' च्या वर तुटते, तिथे नाण्यावर तांब्याचा गोळा येतो. मग मागच्याची 'अमेरिका' मधल्या 'एमईआरआयसी' च्या वर. तुमच्या हातातलं नाणं कोणत्या टप्प्यावरचं आहे हे त्या दोन तुकड्यांवरून कळतं. मॅसॅच्युसेट्सच्या १७८७ च्या एका सेंटवर तर तड्यामुळे गरुडाला शिंग फुटलंय, त्याला 'हॉर्न्ड ईगल' च म्हणतात.

अशा नावांची सुरुवात एडवर्ड मॅरिस नावाच्या फिलाडेल्फियातल्या डॉक्टरने केली. १८६९ मध्ये त्याने १७९४ च्या सेंटची यादी केली आणि प्रत्येक चेहऱ्याला नाव दिलं: 'डबल चिन', 'पॅटागोनियन', 'व्हीनस मरीना'. पुढे १९४९ मध्ये विल्यम शेल्डनने क्रमांक दिले, एस-१ ते पुढे, तेच आज चालतात. नाण्याची प्रत १ ते ७० या मापाने सांगायची पद्धत आज जगभर आहे, तीही शेल्डनने याच तांब्याच्या सेंटसाठी काढली.

लिंबलोण
फुटलेल्या, झिजलेल्या ठशांचं काय करत?

फिलीकर
भंगारात विकत. आणि त्यातून एक भानगड झाली. १८६० च्या सुमारास टाकसाळीबाहेर कुणीतरी भंगारातला १८०३ चा गंजलेला ठसा घेतला, सालाचा शेवटचा आकडा बदलून १८०४ केला, आणि मागच्या बाजूला १८२० चा ठसा लावून 'दुर्मिळ' सेंट पाडले. गंजाचे पुरळ नाण्यावर स्पष्ट उठले आहेत. मागच्या माळेची धाटणी १८०४ ची नव्हेच. तरी आज हेही लोक आवडीने जमवतात.

ताम्रपट
एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. पण मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहिलाय. डोक्याचा पंच तयार होता हे कळलं. मग अक्षरं, तारे, माळ, सगळं घालून एकच पूर्ण मूळ ठसा का नाही केला? त्यातून हव्या तितक्या सारख्या प्रती निघाल्या असत्या. कल्पना सुचली नाही की जमलं नाही?

टूलरूमवाला
कल्पना नवी नव्हती, जमणं अवघड होतं. डोकं दाबायलाच एका दमात काम होत नसे. थोडं दाबायचं, पोलाद दाबाने कडक होतं, परत तापवून मऊ करायचं, परत त्याच जागी तंतोतंत बसवून दाबायचं. केसभर सरकलं तर दुहेरी चेहरा. आता यात कडेची अक्षरंही घातली तर एकाच वेळी कितीतरी जास्त क्षेत्रफळावर पोलाद हलवायचं, आणि तेही कडेपर्यंत. हाताने फिरवायच्या स्क्रू प्रेसचा तेवढा जोर नाही. शिवाय उठावदार पंचावर बारीक अक्षरं म्हणजे नाजूक टोकं, दोन-चार दाबांत एक तरी तुटणार. आणि एक तुटलं की सगळा पंच बाद. सुट्या अक्षराचा पंच तुटला तर संध्याकाळपर्यंत नवा होतो. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

फिलीकर
यात भर. मागची माळ त्यांनी लवकरच पंचात आणली, नक्षी जमेल तेवढी पंचात आणि मजकूर सुटा, अशी वाटणी बराच काळ चालली. १८०८ पासून जॉन राइकचा चेहरा आला तेव्हाही तारे आणि साल हातानेच. मार्च १८३६ मध्ये फिलाडेल्फियात वाफेच्या प्रेसवर पहिली नाणी पाडली. मजकुरासकट पूर्ण पंच त्या दशकात हळूहळू रुळले. सालाचे आकडे मात्र त्यानंतरही कित्येक दशकं प्रत्येक ठशावर वेगळे मारत होते, म्हणून १८४० आणि ५० च्या सेंटचेही प्रकार केवळ सालाच्या जागेवरून ओळखतात.

रेघोटी
म्हणजे १७९४ मध्ये चेहरा एकाचा, केस दुसऱ्याचे, अक्षरं मारणारा कदाचित तिसरा. स्कॉटला जॉन स्मिथ गार्डनर नावाचा मदतनीस होता असं वाचलं. केसांच्या टोकांत मला दोन वेगळे हात स्पष्ट दिसतात. एकाचा फटकारा लांब आणि सैल, दुसऱ्याचा आखूड आणि दाबून. सवड मिळेल तशी एस-१७ पासूनचे फोटो घेऊन वेगळे करून बघणार आहे.

फिलीकर
जरूर करा आणि इथेच टाका. गार्डनर १७९४ ते १७९६ होता, तेव्हा १७९५ चेही घ्या.

ताम्रपट
एक व्यवहाराचा प्रश्न. एक तरी सेंट जवळ असावा असं वाटायला लागलंय. १७९४ चा खिशाला परवडेल असं दिसत नाही. ठशाच्या खुणा शिकायच्या तर कोणता घ्यावा? आणि बनावट कसा ओळखावा?

फिलीकर
१७९८ किंवा १८०२-०३ चा झिजलेला घ्या. भरपूर पाडले गेले, ठशांचे प्रकार पुष्कळ, आणि झिजलेला असला तरी साल, अपूर्णांक आणि अक्षरांची जागा वाचता येते. १७९९ मोहात पाडेल, त्यापासून लांब राहा, कारण १७९८ च्या आठाचा नऊ केलेले फार फिरतात. ओळखायचं असं: ठशात दुसरा आकडा मारलेला असेल तर खालच्या आकड्याच्या उरलेल्या खुणाही नाण्यावर उठावात असतात, आणि आजूबाजूचा पृष्ठभाग अखंड असतो. नाण्यावरच खरडलं असेल तर आकड्याभोवती खोलगट चरे आणि तांब्याचा वेगळा रंग दिसतो. दहापट भिंग पुरे. दिवा डोक्यावरून नको, एका बाजूने, तिरका धरा.

टूलरूमवाला
आणि घेतलात की कडेचे फोटो मोठे करून टाका. तडा कुठून सुरू झालाय ते मला बघायचंय.